तूर, तांब्या आणि राजदूत

परराष्ट्र सेवेतल्या माणसांकडे एवढे किस्से कसे साचतात, असं मला कुणीतरी विचारलं. कारण साधं आहे. दिवसभर आम्ही मोजूनमापून, छापल्यासारखं बोलतो. जे बोलता येत नाही ते पोटात राहतं आणि सुट्टीत लातूरला आलं की मैत्रिणींसमोर भसाभसा बाहेर पडतं! परवाही तेच झालं. गच्चीवर चटया टाकून बसलो होतो, तेवढ्यात एकीने विचारलं, "तू तिकडे नेमकं करतेस तरी काय गं?"

घ्या मग.

माझं पोस्टिंग आफ्रिकेतल्या एका देशात आहे. नाव सांगत नाही, मला नोकरी करायची आहे. आपल्या वरणातली थोडीफार तूर तिथून येते, एवढं पुरे. दूतावासात माझ्याकडे दोन खाती आहेत, व्यापार आणि संस्कृती. म्हणजे सकाळी तूर, संध्याकाळी भरतनाट्यम!

* * *

निवड झाली तेव्हाची गोष्ट. लातुरात दहावीनंतर पोरांना दोनच रस्ते माहीत असतात, मेडिकल आणि रडारड. निकाल कळल्यावर भोकरच्या आत्याचा फोन आला.

"नंबर कुठं लागला गं?"

"फॉरेन सर्व्हिस, आत्या!"

 आत्या एकदम हळू, मायेच्या आवाजात, "म्हणजे मेडिकलला न्हाईच लागला म्हण की."

मी तणतणत फोन आईकडे दिला. वाटलं, आई तरी सुनावेल. आई म्हणाली, "जाऊ द्या वन्सं. सरकारी तरी हाय."

* * *

संस्कृती खात्याची माझी पहिली संध्याकाळ. नाच झाला, सतार झाली, समोसे संपले. शेवटी मी भारतातल्या छोट्या शहरांची चित्रफीत दाखवली आणि हट्टाने त्यात लातूरच्या ट्यूशन एरियातली एक गल्ली घुसवली. गल्लीत वरपासून खालपर्यंत कोचिंग क्लासचे फ्लेक्स, प्रत्येकावर पोरापोरींचे फोटो, खाली मार्क.

नाचाच्या वेळी डुलक्या घेणारे त्यांच्या शिक्षण खात्याचे एक बडे अधिकारी ताठ झाले. "थांबा, थांबा. हे सगळे निवडणुकीला उभे आहेत?"

"नाही सर, हे परीक्षेत पास झालेत."

ते पडद्याजवळ गेले. चष्मा वर करून एकेक चेहरा बघितला. मग काळजीने म्हणाले, "आणि नापास झालेल्यांचे फोटो कुठे लावता?"

सतारीबद्दल कुणी काहीच विचारलं नाही!

* * *

आता मुख्य भानगड. तिथल्या शेतकऱ्यांचा एक मोठा संघ आणि आपल्याकडच्या डाळमिलवाले यांच्यात थेट खरेदीचा करार व्हावा, म्हणून मी वर्षभर धावत होते. आमचे राजदूतसाहेब शांत माणूस. आवाज न चढवता म्हणाले, "हे जमलं तर उत्तम. नाही जमलं तर व्हिसाच्या खिडकीत एक खुर्ची रिकामी आहे."

आणि लातूरहून शिष्टमंडळाचं नेतृत्व करायला आलं कोण? बब्रुवानकाका! आमच्याच गल्लीतले डाळमिलवाले. "पोरीच्या जातीला एवढं कोचिंग कशाला?" असं माझ्या बाबांना ऐकवणारे हेच ते. सोबत नांदेडचे रशीदभाई. त्यांच्या घरात तीन पिढ्या डाळमिलची यंत्रं बनवतात.

स्वागत समारंभात काकांनी राजदूतसाहेबांना पहिलं वाक्य टाकलं, "पोरगी आमच्या गल्लीतली हाय. लई हट्टी. संभाळून घ्या."

साहेब म्हणाले, "संभाळतोय."

टेबलावर सजावटीसाठी चांदीच्या वाडग्यात तूर ठेवली होती, दोन्ही देशांचे झेंडे खोचून. काकांनी झेंडे बाजूला केले, मूठभर तूर उचलली, या तळहातावरून त्या तळहातावर घेतली, फुंकर मारली, एक दाणा दाताखाली फोडला आणि उरलेली सरळ खाली टाकली. बाजार समितीत सौद्याच्या वेळी टाकतात तशी. राजदूतांच्या गालिच्यावर!

मला जमीन दुभंगून हवी होती.

तेवढ्यात शेतकरी संघाच्या प्रमुख मामा ग्रेस पुढे आल्या. तिकडे वयाने मोठ्या बाईला आदराने मामा म्हणतात. त्यांनी त्याच वाडग्यातून मूठ भरली, फुंकर मारली, दाणा फोडला, तोंड वाकडं केलं आणि उरलेली तूर गालिच्यावर टाकली.

दोघंही मोठ्यांदा हसले. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

* * *

तीन-चार दिवसांनी हॉटेलच्या मॅनेजरचा फोन. आवाज अगदी अदबीचा. "मॅडम, आपल्या पाहुण्यांच्या खोलीत रोज रात्री पालथ्या पेल्यावर तांब्या ठेवलेला असतो. सकाळी आमची माणसं तो उतरवतात, रात्री तो परत चढतो. धार्मिक विधी असेल तर आम्हाला योग्य ती व्यवस्था करायला आवडेल."

मी तडक हॉटेल गाठलं. "काका, हे काय लावलंय?"

"खोली हलली तर तांब्या पडतो. झोपलेल्या माणसाला कळाया नको का?"

आमच्याकडे त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी बालवाडीत होते. आमच्या भागात तेव्हा घरोघरी हे तांबे चढले होते, मलाही आठवतात. पण म्हणून काय इथेसुद्धा? "काका, त्या भूकंपाला किती वर्षं झाली!"

"मग? परत येणार न्हाई म्हणून तुला सांगून गेलाय का तो?"

रशीदभाई शांतपणे म्हणाले, "बेटा, मेरे कमरे में भी रखवाया भाई ने. नींद अच्छी आती."

त्या रात्रीपासून हॉटेलने तांब्याखाली इस्त्रीचा पांढरा रुमाल अंथरायला सुरुवात केली. बाजूला एक फूल!

* * *

मग शेतांची भेट. मामा ग्रेसना सगळ्याचं कुतूहल. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे सौदा कसा करता? मी संगणकावरचे भाव, ऑनलाइन लिलाव वगैरे सांगायला तोंड उघडलं, तर काकांनी खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांच्या हातावर टाकला आणि आपला हात खाली घातला. जनावरांच्या बाजारात करतात तसं. बोटं धरायची, दाबायची, त्यावरून भाव समजायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही.

"काका, आता असं कोण करतं? मागासलेले समजतील आपल्याला!"

"तू गप की. त्या शिकायल्यात."

खरंच शिकत होत्या. एकमेकांची भाषा येत नसताना दोघं आंब्याच्या झाडाखाली जेवण थंड होईपर्यंत बोटं दाबत बसले. मामा ग्रेस चुकल्या की काका "न्हाई, न्हाई!" करून मान हलवायचे आणि बरोबर आलं की दोघं टाळी द्यायचे. माझं भाषण बॅगेतच राहिलं.

* * *

करारावर सही करायचा दिवस. तळमजल्यावरचा हॉल, पलीकडे लॉन. दोन्हीकडची माणसं, कॅमेरे, दुभाषी, माझं रंगीत सादरीकरण. सगळी कलमं मान्य. अडलं फक्त भावावर.

"काका, तुमचा आकडा सांगा," मी म्हटलं.

काका गप्प. मामा ग्रेसही गप्प. साहेबांनी घड्याळ बघितलं. मला व्हिसाची खिडकी दिसायला लागली, तिची जाळीसुद्धा.

मी वाकून कुजबुजले, "काका, बोला ना! माझी नोकरी पणाला लागलीय!"

"अगं, असं चारचौघांत मोठ्यानं भाव सांगतं का कुणी? पाठीमागं कोण कोण बसलंय बघ."

काकांनी टेबलावर झेंड्यांच्या शेजारी आपला पेला आणि तांब्या मांडलाच होता. त्या क्षणी तो तांब्या खाली पडला. टण्ण!

बाकी कुणी मान वर करायच्या आत आम्ही तिघं दारात होतो. काका, रशीदभाई आणि साडी गुडघ्यापर्यंत धरलेली मी. काकांनी जाताजाता मामा ग्रेसचं मनगट धरून त्यांनाही ओढत बाहेर आणलं. धक्का अगदी किरकोळ होता. तिथल्या माणसांना सवय असल्यामुळे बाकी सगळे खुर्च्यांतच बसून आमच्याकडे बघत राहिले.

"चला, आत चला," मी म्हटलं.

"मी न्हाई येत," काका म्हणाले आणि गवतावर बसले. मामा ग्रेसही बसल्या.

शेवटी अख्खं शिष्टमंडळ, कॅमेरे, दुभाषी लॉनवर आले. साहेब हातात कराराची फाइल घेऊन माझ्यापाशी येऊन उभे राहिले. काकांनी अजून मामा ग्रेसचा हात सोडला नव्हता. त्यावर टॉवेल पडला होता. काका डावीकडे बघत होते, मामा ग्रेस उजवीकडे.

साहेब घाबरून हळूच म्हणाले, "त्यांना लागलंय का?"

मी पुढे झाले, तर रशीदभाईंनी हात आडवा घातला. "चुप खडे रहो बेटा. भाव चल रा."

 एकदा मामा ग्रेसनी जोरात मान हलवली. एकदा काकांनी कपाळाला आठी घातली. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि टाळी दिली!

"हाव, झालं!" काका म्हणाले. "पोरी, चहा सांग."

साहेबांनी फाइल उघडली, रिकाम्या जागेवर पेन टेकवलं आणि विचारलं, "काय भाव लिहू?"

काकांनी कॅमेऱ्यांकडे बघितलं, जमलेल्या माणसांकडे बघितलं, टॉवेल झटकला आणि साहेबांपुढे धरला.

"हात द्या, साहेब."