माझ्या तोंडी दुसऱ्याचा आवाज

परवा यवतमाळच्या थिएटरात माझ्याच तोंडून परक्या माणसाचा आवाज निघाला आणि माझं डोकं फिरलं. ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

नायकाचं काम मला कधी मिळालं नाही. थोबाडच तसलं. तलाठी, पोस्टमास्तर, तिरसट सासरा, मुलीचा बाप, असली कामं मी कळंबपासून ढाणकीपर्यंत गावोगावच्या नाटकांत केली, आणि तीही बिनमाईकची. तालमीला बायको शेवटच्या ओळीत बसायची. शब्द पोचला नाही की हात वर करायची. तो खाली येईस्तोवर मी वाक्य म्हणत राहायचो.

सिनेमे मिळाले ते म्हातारपणी, दोन-दोन मिनिटांचे. या सिनेमात मी केळापूरकडचा मुलीचा बाप होतो. पाठवणीच्या वेळचं एकच वाक्य: "जाय माय, मांगं पाहू नोको." ते ऐकून मुलीचं काम करणारी पोरगी खरीच रडली. ग्लिसरीनची बाटली तशीच राहिली.

महिनाभरानं मुंबईहून फोन आला. वाऱ्यामुळे आवाज खराब आलाय, डबिंगला या. मी भडकलो. तालीम वेगळी, पण प्रयोगात म्हटलेलं वाक्य आमच्यात पुन्हा म्हणत नाहीत. "म्हनलं ना एकदा! आता कायले?" असं बोलून फोन बंद केला. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय! ही चूक माझी. पण पुढं त्यांनी जे केलं, त्याचं पाप माझ्या माथी नको.

काचबिंदूनं बायकोची नजर गेलीय. ती सिनेमा ऐकायला आली होती. पडद्यावर मी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि भलताच कुणी बोलला, "जाय बे माय, मांगं पाहू नोको बे!" अरे, लेकीला कुणी 'बे' म्हणतं का? ज्यानं वऱ्हाडी फक्त विनोदात ऐकली, त्यानं माझ्या लेकीची पाठवणी केली! थिएटर हसलं. तेही आमच्याच यवतमाळचं.

बायको हसली नाही. "तुमचं काम कवा येते जी?" तिनं विचारलं. मला बोलवेना. तिला वाटलं, मी बोलतोय आणि तिलाच ऐकू येत नाहीये. तिनं अंधारात हात वर केला.

मी उभा राहिलो.

"बसा ना बाबाजी, दिसून नाही राह्यलं!" मागून कुणीतरी ओरडलं. बसतो कशाला! मी माझं वाक्य म्हटलं. संतापानं आवाज फाटला. तिचा हात वरच होता.

मी पुन्हा म्हटलं. "जाय माय, मांगं पाहू नोको."

हात खाली आला.