सुपात थांबलेला हात

आमच्या हिच्यासोबत मी केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे वरच्या मास्तरचा ब्लॉग ऐकणं. हा मास्तर मनीषनगरातल्या आमच्या घरातला वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, आणि स्वतःची फजिती जगाला सांगितल्याशिवाय ज्याला अन्न गोड लागत नाही असा अख्ख्या नागपुरात हा एकटाच असेल. बुटीबोरीकडे एका शाळेत शिकवतो. धडा जमला तर तोंड पाडून घरी येणार, फसला तर जिन्यातूनच ओरडणार, "काकाजी, आज लिहाले भेटलं!" मला चीड यायची. अरे, फसला तर गुपचूप चहा पी अन् झोप ना! पण नाही. गच्चीवर बसून मोबाइलवर टकटक करत राहणार.

"डॉक्टर आपली बिघडलेली केस दुसऱ्या डॉक्टरले सांगते," तो म्हणायचा. "मास्तरच तेवढा वर्गाचं दार लोटून घेते. मंग दुसऱ्या मास्तरनं शिकाव कुठून? ब्लॉग म्हणजे मास्तरचं अवजार आहे, काकाजी. खडूसारखं."

"डॉक्टर चौकात उभा राहून नाही सांगत गा," मी म्हणायचो. "तुमचं तर पोरायचे बाप वाचून राहिले!"

"वाचू द्या ना!"

कुही गावाला आमच्या नात्यातल्या लग्नात नवरदेवाचा मामा शिक्षक निघाला. तर या माणसानं भर पंगतीत त्याला विचारलं, "तुम्ही यंदा काय चुकीचं शिकवलं?" मामा पानावरून उठायला निघाला. मुख्याध्यापकांनी 'शाळेची लाज काढता' म्हणून दटावलं, तर त्या दटावण्यावरही यानं लिहिलं. अशा माणसाला काय म्हणावं?

त्याचा एक नेम होता. ब्लॉगवर टाकायच्या आधी लेख शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला ऐकवायचा. मी चौथी शिकलेलो, म्हणून बाद. ही पास. संध्याकाळी ओट्यावर ही सूप घेऊन तांदूळ निवडायची, मास्तर पायरीवर बसून वाचायचा आणि वाचता वाचता तिच्या हाताकडे बघायचा. मी बाजूला खुर्चीत, फुकटचा.

त्या शेवटच्या संध्याकाळी ओडिशाच्या कामगाराच्या पोरीची गोष्ट होती. हजेरी सोडली तर पोरगी वर्गात तोंडच उघडेना, पण खिडकीबाहेरच्या बकरीशी तिच्या भाषेत खूप बोलायची. मास्तरनं काय करावं? बकरीच वर्गात आणली! तिनं हजेरीपटाचं पान खाल्लं.

"मास्तर," ही म्हणाली, "बकरीले तरी पास केलं का नाही?"

पुढं एक वाक्य आलं आणि तिचा हात सुपातच थांबला. मग तिनं सूप खाली ठेवलं. रात्री पोळ्या लाटताना तेच वाक्य दोनदा बोलली. त्याच आठवड्यात ती गेली.

तेव्हापासून मास्तरनं काहीच लिहिलं नाही. परवा संध्याकाळी खाली आला आणि म्हणाला, "ब्लॉग बंदच करून टाकतो, काकाजी. काकूच नाही, तर खोटं कोण पकडन?"

मला धक्काच बसला. वाचायला मला फारसं येत नाही, पण तिच्या संध्याकाळी त्या मोबाइलमध्ये कुठं तरी आहेत एवढा आधार होता. मी म्हटलं, "बंद नका करू गा. तिले आवडलेलं सगळं त्यातच तर आहे."

"कसं काय?"

"जिथं तिचा हात थांबे, ते."

मास्तरचा चेहरा उतरला. "काकाजी, हात थांबला का मी ते वाक्य काटून टाको. मले वाटे, काकूले समजलं नाही."

माझं डोकंच फिरलं. "समजलं नाही तर ती जोरानं पाखडे, मास्तर! जीव लागला का हात थांबे. भात उतू गेला तरी थांबे. एवढं शिकवता, अन् एका बाईचा हात नाही वाचता आला? चांगलं तेवढं सगळं फेकून दिलं तुम्ही!"

तो उठून वर गेला. मला कितीदा तरी वाटलं, हाक मारावी. नाही मारली. कापलेली वाक्यं त्यानं कुठंच ठेवलेली नव्हती.

सकाळी मी सूप काढलं, त्यात तांदूळ घेतले आणि गुडघे धरत गच्चीवर गेलो. मास्तर दात घासत होता.

"तोंड धुवा अन् मोबाइल आणा," मी म्हटलं. "मले एकच वाक्य आठवते. बाकीची तिच्यासोबत गेली."

तो आला, समोर बसला. मी सांगितलं, त्यानं लिहिलं. मग मोठ्यानं वाचलं, "दिवाळीपर्यंत मी तिचं नाव चुकीचं पुकारत होतो, आणि ती रोज उभी राहून त्या चुकीच्या नावाला हजर म्हणत होती."

माझा हात सुपात थांबला होता. मास्तर त्याच्याकडे बघत राहिला.

"काटू का?" त्यानं हळूच विचारलं.

"राहू द्या," मी म्हटलं, आणि तांदूळ निवडायला लागलो.