तांब्याभर पाणी

नसरापूरहून वेल्ह्याला जाणाऱ्या एसटीत एक बाई माझ्या शेजारी बसली होती. ऑस्ट्रेलियातल्या लेकीच्या बाळाला जुलाब लागले होते. डॉक्टरकडे निघण्याआधी पाजायचं साखर-मिठाचं पाणी ती मोबाईलवरून सांगत होती.

“तांब्याभर पाण्याला अर्धा चमचा मीठ.” मग ती एकदम थबकली. “कपात केलंस? आन् चमचा तुमच्याकडचा मोठा? अगं, पाजू नगं...”

डोंगराच्या वळणावर रेंज गेली. ती ताडकन उठली. “मास्तर, गाडी थांबवा. लेकराच्या जिवाचं हाय.”

कंडक्टरने घंटी मारली. ती उतरून मागच्या वळणापर्यंत पळाली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. फोन लागल्याचं तिच्या आवाजावरूनच कळलं.

“आदी तू चाख. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर वतून दे. आता लिटरच्या बाटलीत कर.”

लेकीने चाखलं आणि ओतून दिलं. एवढं सांगत बाई परत येऊन बसली.

वेल्ह्याच्या स्टँडवर फोन आला. बाळाने पाणी घेतलं होतं, पोटात राहिलंही होतं.

मी म्हटलं, “बरं झालं.”

“व्हय,” ती पदराने तोंड पुसत म्हणाली. “मला वाटलं, माजा तांब्या तिला तिकडनं दिसतूय.”