रेक्झिनची पन्हळ

मुबीनसारखा भाडेकरू शोधून सापडणार नाही, असं ठमाबाई फुलबाजारात छाती ठोकून सांगायची. "तीन वर्षं झाली, एकदा तोंड उघडलं नाय बिचाऱ्यानं!" आणि तीच तर सगळी गोम होती. जिथे तोंड उघडायला हवं, तिथेच हा मिठाची गुळणी धरून बसायचा.

मुबीनचं नाशकात द्वारका चौकापाशी छोटंसं दुकान, रिक्षा-टेम्पोच्या सीटांना कव्हरं शिवायचं. शिवण अशी सफाईची की गिऱ्हाईक मनमाडहून यायचं. बोलण्यात मात्र भित्रा, आणि त्याला कारणही होतं. मखमलाबादची ही खोली मिळण्याआधी त्याने आणि बायकोने, तबस्सुमने, नाशकात चौदा घरं पाहिली होती. नाव विचारेपर्यंत खोली रिकामी असायची. नाव सांगितलं की 'अहो, कालच गेली!' ठमाबाईने नाव विचारलंच नाही. त्यांच्या छोट्या लेकीकडे, फलककडे बघून म्हणाली, "पोरगी हाय का? मग या. वरती दिवा लागंल. काय लागलं-सवरलं तर हाक मारा, बस."

ठमाबाई साठी उलटलेली. घरामागच्या मळ्यात झेंडू, शेवंती लावायची आणि फुलबाजारात ठरलेल्या जागेवर बसून स्वतः विकायची. ती जागा तिने तीस वर्षं धरून ठेवलेली. संध्याकाळी तोडलेली फुलं रात्रभर गच्चीवर दवात ठेवायची, पहाटे मागच्या जिन्याने उतरवायची, ही तिची पद्धत. घराची कागदपत्रं मात्र मुलगा बघायचा, कुंदन. तो राहायला सिडकोत. अकरा महिने भरत आले की कराराचा कागद घेऊन हजर. कागदात स्वच्छ लिहिलेलं : नळाचा वॉशर, दिवा, कडी-कोयंडा हे भाडेकरूने बघावं, भिंतीतलं काम मालकाचं. पण आधीचा भाडेकरू सारखं नळाचं रडगाणं गायचा, म्हणून कुंदनने त्याला करार वाढवून दिला नव्हता. ही गोष्ट मुबीनच्या मनात रुतून बसली होती.

संक्रांत झाली आणि न्हाणीघराच्या मागच्या भिंतीतला पाइप गळायला लागला. थेंब थेंबच, पण अखंड.

"अहो, मावशींना सांगा की," तबस्सुम म्हणाली. "भिंतीतलं आहे, आपलं काम नाही ते."

"मार्चमध्ये करार आहे. तेवढा होऊ दे."

आणि या शहाण्याने काय करावं? दुकानातून रेक्झिनची पट्टी आणली, दुहेरी टाका घालून पन्हळीसारखी शिवली आणि सोल्युशन लावून खिडकीबाहेर, पाइप भिंतीतून बाहेर येतो तिथे खाली चिकटवली. भिंतीत मुरणारं पाणी मुकाट बाहेर जाऊ लागलं. गडी स्वतःच्या कारागिरीवर खूश! पाणी पडत होतं मागच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. तिथे हिरवट शेवाळ धरलेलं त्याला एकदा दिसलंही होतं. शुक्रवारी दुकान बंद असतं, तेव्हा घासून टाकू, असं त्याने ठरवलं. शुक्रवार आला आणि गेला.

फेब्रुवारीतल्या एका पहाटे ठमाबाई डोक्यावर झेंडूची पाटी घेऊन जिना उतरत होती. तिसऱ्या पायरीवर तिचा पाय सटकला. आवाज ऐकून मुबीन धावला, तिला उचलून रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं. घोट्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी आधारकार्ड मागितलं, ते आणायला मुबीन घरी परतला. अंगणभर झेंडू सांडलेला होता. आणि आधारकार्डाला हात लावायच्या आधी त्याने पन्हळ ओरबाडून काढली, पाइपाचा कॉक बंद केला, तारेच्या ब्रशने पायरी खसाखसा घासली आणि फडक्याने कोरडी केली. हे सगळं करताना आपले हात कापत नव्हते, हेच त्याला पुढे कित्येक दिवस छळत राहिलं.

दुपारी कुंदनने जिना पाहिला.

"पायरी तर कोरडी ठणठणीत आहे. पडलीस कशी तू?"

"बुळबुळीत लागलं रं पायाला," ठमाबाई पलंगावरून म्हणाली.

"कुठंय बुळबुळीत? दाखव मला! आई, तुला दिसत नाही आता, मान्य कर. बस झाली फुलं. मळा वाट्याने देऊन टाकू, बाजारातली जागा सरुबाईला देऊ. कधीची मागतेय ती."

मुबीन दारातच उभा होता. बोल, बोल, असं आतून कोणीतरी ढोसत होतं. तो म्हणाला, "मावशी, चहा आणू?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं त्याचं. तबस्सुम ठमाबाईसाठी रोज सूप पाठवायची, ते घेऊन मुबीन जायचा, उशाशी बसायचा. पाइप बंद म्हणून खालून पाण्याच्या बादल्या वर न्यायचा, एकटाच, तबस्सुमला हात लावू द्यायचा नाही. "अशाने पाप धुतलं जातं होय?" ती एकदाच म्हणाली, आणि मग तिने विषय काढला नाही.

ठमाबाई पहिले दोन दिवस कुंदनशी भांडली. तिसऱ्या दिवशी भिंतीवरचं कॅलेंडर एकेक डोळा झाकून बघायला लागली. मग फलकला समोर बोटं धरायला लावून ती मोजायला लागली. "ही किती गं? तीन ना?" बरोबर सांगायची, तरी तिला पटायचं नाही. आठव्या दिवशी सूप पिता पिता मुबीनला म्हणाली, "त्याचंच खरं असंल रं. मला पाणी दिसल्यासारखं झालं आन् तिथं काय नव्हतंच म्हणतो कुंदन. म्हातारीला भास व्हायला लागले बघ."

रविवारी कुंदन कराराचा कागद घेऊन आला. सरुबाईही आली होती, जागेचं पक्कं करायला.

"मुबीनभाई, सही करा," कुंदन म्हणाला. "तुमच्यासारखा माणूस नाही. तीन वर्षांत एक तक्रार नाही!"

मुबीनने पेन घेतलं. ठमाबाई सरुबाईला सांगत होती, "कोपऱ्यावरची जागा हाय. सावली येते दहा वाजेपर्यंत. नीट सांभाळ." तिचा आवाज इतका बारीक मुबीनने कधी ऐकला नव्हता. त्याने पेन खाली ठेवलं, वर गेला आणि माळ्यावर दडवलेली पन्हळ आणून तिच्या मांडीवर ठेवली.

"मावशी, पायरी ओलीच होती. शेवाळही होतं. माझ्यामुळं. तुम्हाला दवाखान्यात ठेवून आलो आणि मी ते घासून टाकलं. तुमच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही."

कुंदनचा असा भडका उडाला की सरुबाई चपला शोधू लागली. ठमाबाईने हात वर करून त्याला गप्प केलं. रेक्झिन उजेडात धरलं, शिवणीवरून नजर फिरवली.

"दुहेरी टाका हाय," ती म्हणाली. "हितं एक सुटलाय."

मुबीनने वाकून बघितलं. खरंच सुटला होता. त्याच्या स्वतःच्या लक्षात आला नव्हता.

"सरू, जा तू घरी. जागा माझी हाय." मग ती मुबीनकडे वळली. "पाय मोडला त्याचं काय नाय रं, हाड जुळतं. पण आठ दिस माझ्या उशाशी बसून तू मला आंधळी होऊ दिलंस."

कुंदनने कराराचा कागद फाडला, महिनाअखेर खोली रिकामी करा म्हणाला, आणि या खेपेला ठमाबाई मध्ये पडली नाही.

पुन्हा वणवण सुरू झाली. पाथर्डी फाट्याकडे प्रतिभाताई नावाच्या घरमालकिणीने आधीच्या मालकांचा नंबर मागितला. मुबीनने मान खाली घालून ठमाबाईचा दिला. आता संपलंच, असं त्याला वाटलं. प्रतिभाताईंनी त्याच्यासमोरच स्पीकरवर फोन लावला. पलीकडे बाजाराचा गलका होता; म्हणजे ती जागेवर बसायला लागली होती.

"माणूस कसा आहे हो?"

ठमाबाईने आधी एका गिऱ्हाइकाला झेंडूचा भाव सांगितला. "उशिरा सांगतो," ती म्हणाली. "पण सांगतो."

खोली मिळाली. सामान लावून होत नाही तोच मोरीतला नळ ठिबकायला लागला. वॉशरचं काम, करारात भाडेकरूचंच. तरी मुबीन हातातलं सामान टाकून खाली गेला आणि प्रतिभाताईंचं दार वाजवलं.

"अहो, एवढ्याशा वॉशरसाठी?" त्या हसल्या.

"मीच बदलणार आहे, ताई," मुबीन म्हणाला. "फक्त सांगायला आलो."