प्रश्नावलीवरचं हसू

मोबाइलवर अश्लील व्हिडिओ बघणं ज्यांना थांबवता येत नाही, अशा लोकांच्या मुलाखती मी संशोधनासाठी घेत असे. एकदा पन्नाशीचे एक शिक्षक आले. प्रश्नावली भरता भरता म्हणाले, "ताई, हे बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय."

ते गेल्यावर चहा घेताना एका सहकाऱ्याने त्यांची उत्तरं मोठ्याने वाचली. सगळे हसले. विसरलेलं हेल्मेट न्यायला शिक्षक परत आले होते, दारातच उभे होते. हेल्मेट उचलून खाली मान घालून गेले, ते पुन्हा आलेच नाहीत.

लाजेमुळे माणसं मदत मागत नाहीत, असं आम्ही अहवालात लिहिलं. त्या लाजेत आमची किती भर, ते लिहिलं नाही. त्या सहकाऱ्याचा मला अजून संताप येतो. पण त्या दिवशी मीही हसले होते.