हसल्याशिवाय न निघणारा फोटो

मुलांनो, दोन छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांतला एक निवडायला आम्ही दुकानात गेलो होतो. माणूस हसला की पहिला कॅमेरा आपोआप फोटो काढतो, असं विक्रेत्यानं कौतुकानं सांगितलं आणि तो तुमच्या आजोबांसमोर धरला. आजोबा नेहमीसारखेच गंभीर बसले होते. कॅमेरा गप्प.

"काका, जरा हसा ना."

"कशाला?" आजोबा म्हणाले.

मला संताप आला. कुणाचा कोणता चेहरा जपून ठेवायचा, हे आता या डबीनं ठरवायचं? आमच्या लग्नाच्या फोटोत एकही माणूस हसत नाही. म्हणून काय त्या दिवशी कुणाला आनंद झाला नव्हता? हल्ली माणसाला नुसतं स्वस्थ बसायचीही सोय उरलेली नाही.

"ते बंदही करता येतं, काकू," विक्रेता म्हणाला.

"मग आधीच का नाही केलंत?" असं विचारून मी दुसरा, साधा कॅमेरा घेतला.

त्याचा पहिला फोटो सोबत पाठवते आहे. त्यात आजोबा रागावलेले वाटतील, पण तसं नाही. रविवारी तुमच्या फोनची वाट पाहताना ते असेच बसतात.