ढग उभा चढतोय

“आधी वर बघा, मग मोबाइल बघा,” असं आमच्या बाई ज्याला त्याला सांगायच्या. सांगताना स्वतः मान मागे टाकून, डोळ्यांवर पंजा धरून आभाळात बघायच्या आणि समोरचाही नकळत वर बघायचा. सदाशिव पेठेतल्या आमच्या गल्लीत तीन-चार माणसं विनाकारण वर बघत उभी दिसली, तर मध्ये बाई असणार हे ठरलेलं.

हवामानाचे अंदाज वर्तवण्यात त्यांची सारी नोकरी गेली होती. निवृत्त झाल्यावर त्या माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. एरवी बोलणं मोजकं, पण ढग भरून आले की बाई लहान व्हायच्या. दारावर थापा पडायच्या. “या लवकर. असा ढग परत दिसायचा नाही.” मी गॅस बंद करून त्यांच्यामागे गच्चीवर धावायचे. तुमच्याही शेजारी असं कुणी असेल, तर ते धावणं तुम्हाला ठाऊक असेल.

इशाऱ्यांचे रंग त्यांनीच आम्हाला शिकवले. “पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. केशरी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता बसू नका, हला.”

एकदा लाल इशारा आला, शाळा बंद झाल्या आणि पेठेत लख्ख ऊन पडलं. सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात उभे राहून म्हणाले, “बाई, आज लाल ऊन पडलंय वाटतं.”

“इशारा घाटमाथ्यासाठी होता. तिथे धो धो कोसळतोय. तुमच्या गॅलरीत पडायची पावसावर सक्ती नाही.”

सेक्रेटरी हसत निघून गेले. बाईंना असल्या हसण्याची सवय होती.

मग मे महिन्यात त्याच सेक्रेटरींच्या मुलीचं लग्न निघालं. लोणी काळभोरजवळ मोठं लॉन, लोखंडी खांबांवर उंच मंडप, फुलांनी मढवलेलं स्टेज. दुपारी लग्न लागलं, जेवणं सुरू झाली. उकाडा असा, की पंख्यासमोरही घाम थांबेना. मोबाइलवर केशरी इशारा आला होता: वादळी वारे, विजा, काही ठिकाणी गारपीट. दोघा-तिघांनी तो वाचला आणि पुन्हा जिलबीकडे वळले.

बाई जेवता जेवता उठल्या आणि मंडपाबाहेर गेल्या. मीही गेले. पूर्वेला एक पांढराशुभ्र ढग होता. मला तो छानच वाटला.

“पसरत नाहीये तो, उभा चढतोय,” बाई हळूच म्हणाल्या. “माथा बघा, ऐरणीसारखा सपाट झाला. आणि खाली काळं दिसतंय ना, ते आपल्याकडे येतंय.” त्यांचे डोळे चमकत होते.

लॉनच्या कडेला, स्टेजला लागूनच पक्कं सभागृह होतं. त्याला कुलूप होतं. बाईंनी व्यवस्थापकाला गाठलं. तो म्हणाला, “मॅडम, ऊन हाय की एवढं. आन् मंडप पक्का हाय.”

“मंडप पक्का असेल, पण वारा त्याला विचारून येत नाही. दार उघडा.”

सेक्रेटरी घाईघाईने आले. “अहो बाई, वरपक्षाची माणसं जेवतायत. त्यांना पानावरून उठवू? आणि नाही आलं वादळ तर?”

“तर तुम्ही मला जन्मभर हसा. मुलीच्या लग्नाचा विचका करणारी म्हणा. पण आत्ता उठवा.”

ते घुटमळले. स्टेजवरून नवरी हे ऐकत होती. तिने शालू सावरला, नवऱ्याचा हात धरला आणि खाली उतरली. “बाबा, बाई सांगतायत ना, मग चला.”

व्यवस्थापकाने धावत जाऊन कुलूप काढलं. नवरा-नवरीच निघाल्यावर बाकीचे बसतात कशाला? कुणी ताट घेऊन, कुणी पोरं उचलून, कुणी कुरकुरत सभागृहात शिरलं. म्हाताऱ्यांच्या खुर्च्या उचलून नेल्या. शेवटची माणसं पायऱ्या चढत होती, तेवढ्यात एकाएकी गार वारा सुटला. बाई ओरडल्या, “दारं ओढा.”

मग जे आलं, तसं मी पुन्हा पाहिलं नाही. मंडप फुगला, फाटला आणि एक खांब वाकून थेट स्टेजवर पडला. नवरा-नवरीच्या सोफ्याचे दोन तुकडे झाले. छताच्या पत्र्यांवर गारांचा असा मारा, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. सभागृहात कुणाला खरचटलंही नाही. सेक्रेटरी खिडकीतून त्या सोफ्याकडे नुसते बघत राहिले.

वादळ ओसरलं, तेव्हा बाई पायरीवर बसल्या होत्या. आचाऱ्याच्या सुरीने त्यांनी एक गार मधोमध कापली होती. “बघा, कांद्यासारखे थर. ढगातला हिचा सगळा प्रवास दिसतो यात.” पोरांचा घोळका भोवती जमला. सेक्रेटरी जिलबीची ताटली घेऊन आले. ताटली त्यांनी बाईंपुढे धरली. म्हणाले, “खा. आणि उद्याचं काय?”

“उद्या ऊन,” बाई म्हणाल्या, आणि दोघंही हसली.

पुढच्या वर्षी बाई लेकीकडे गुवाहाटीला गेल्या आणि तिथेच, झोपेत वारल्या. त्याआधी त्यांचा एक फोन आला होता. इथे कोरडं ठणठणीत ऊन होतं. “ऐका,” एवढंच म्हणून त्यांनी फोन खिडकीबाहेर धरला. ढगांचा गडगडाट, मग पावसाचा आवाज. मी तापलेल्या गच्चीवर, कानाला फोन लावून, तिकडचा पाऊस थांबेपर्यंत उभी होते.